नळावरचा तिसरा मान

माझ्या पदवीसाठी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो घाटकोपरच्या टेकडीवर, आमच्या नळाची रांग सांभाळणाऱ्या मावशींचा. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळी वस्ती त्यांना मावशीच म्हणायची.

सकाळी तासभर पाणी यायचं. मावशी नळाशी उभ्या असत. हंडा काठाला आला की दुसरा खाली सरकवत, थेंब सांडू देत नसत. घुसणाऱ्याला म्हणत, "मागं सर राजा, तुझ्या अंघोळीवाचून कुणाचं अडलं नाय." फक्त ज्या घरी मयत किंवा बाळंतपण असेल, त्या घरचा हंडा आधी भरायचा, असा तिथला रिवाज होता.

मी मामांकडे राहायचो. पाणी भरणं माझ्याकडे होतं. बी.ए.च्या शेवटच्या पेपरला नेमकं पाणी उशिरा आलं. थांबलो तर पेपर बुडणार, निघालो तर घर कोरडं. माझ्या हातातलं पुस्तक पाहून मावशींनी माझा हंडा नळाखाली घेतला.

"का गं मावशे, याच्या घरी कोण गेलं?" मागून एकीने विचारलं.

"कुणी जायलाच पायजे का? परीक्षा हाय त्याची. आजपासून तीबी धरायची."

"मग माझ्या बंडूचीबी असते की."

"आण त्याला, पुस्तकासकट."

रांग हसली. मी पेपरला वेळेत पोहोचलो.

निकाल मला गावी परतल्यावर कळला. त्याच दिवशी मी मामांच्या पत्त्यावर मावशींना पत्र लिहिलं:

"मावशी, पास झालो. आमच्या घरातला पहिलाच. यंदा मामांच्या शेजारच्या शेवंताची दहावी आहे. ती लाजते, स्वतः सांगणार नाही. तिचा हंडा तुम्हीच पुढे घ्या."