बाजीच्या बेंबीला हिंग

कुत्रा पाळला की घरात दोन गोष्टी साठतात, केस आणि किस्से. केस निदान झाडूने तरी निघतात!

नौपाड्यातल्या मैदानावर संध्याकाळी कुत्री फिरवणाऱ्यांचा आमचा छोटासा कंपू आहे. सबनीसकाका-काकू आणि त्यांचा जर्मन शेफर्ड बाजी, चेंदणी कोळीवाड्यातला म्हात्रे आणि त्याचा टायगर, आणि मी, माझ्या गावठी चिंगीसकट. बाजी आणि टायगर सख्खे भाऊ, डोंबिवलीच्या एकाच घरातून आणलेले. लांबून आम्हीही फसायचो. जवळ गेलं की मात्र कळायचं, कारण टायगरला सुक्या बोंबलाचा वास यायचा.

*

सबनीसकाका शिस्तीचे. जेवण झालं की शतपावली, आणि शतपावलीला बाजी हवाच. त्याने वरणभाताचं घमेलं चाटून पुसून संपवलं की काका त्याला मैदानावर आणून चेंडू फेकायला लागायचे.

आमच्या कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं, "एवढ्या मोठ्या छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवू नका. थोडं थोडं द्या, दोन-तीनदा द्या, आणि खाल्लं की पडू द्या त्याला."

काका ताठ झाले. "आमच्या घरात जेवून लगेच कोणी आडवं होत नाही!"

काकू म्हणाल्या, "मग दुपारी पलंगावर घोरत असतं ते कोण?"

*

टायगरची तऱ्हा वेगळी. "तो खात नाय ताई, ओढून घेतो. व्हॅक्यूम क्लीनर आहे नुसता!" म्हात्रे सांगायचा. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सुचवली. थाळीत गिळता येणार नाही एवढा मोठा दगड ठेवायचा, म्हणजे त्याच्या आजूबाजूचं वेचून खाताना वेग आपोआप कमी होतो.

पुढच्याच रविवारी म्हात्रेच्या बायकोने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. काय पाट्यावर वाटलेलं कालवण होतं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तरातरा मैदानावर आली. हातात वरवंटा.

"हा कुत्र्याच्या थालीत काय करत होता?"

"अगं, धुतलेला होता ना!"

"कोणी धुतला?"

"टायगरनी. चाटून चकाचक!"

काकांनी त्या कालवणाची दोन वाट्या भरून वाखाणणी केली होती. ते तसेच मैदानाच्या नळावर जाऊन चुळा भरायला लागले.

*

आता हसू येत नाही तो किस्सा.

एका दुपारी काकांचा फोन आला, "अगं, बाजीला जरा गॅस झालाय, येऊन जातेस का?" गेले. हॉलमध्ये बाजी उभा, काकू गुडघ्यावर, हातात कालवलेल्या हिंगाची वाटी. काका चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पोटाखाली वाकलेले.

"बेंबीच सापडत नाहीये!" काका म्हणाले.

मी हसले. खरंच हसले! तान्ह्या बाळाचं पोट दुखलं की आपण बेंबीभोवती हिंग लावतो, तेच हे दोघं पंचेचाळीस किलोच्या कुत्र्याला करत होते. मग मी बाजीकडे नीट बघितलं. पोट दोन्ही बाजूंनी ढोलकीसारखं ताणलेलं. तो सारखा ओकाऱ्या काढत होता, पण फेसापलीकडे काही पडत नव्हतं. बसत नव्हता, आडवा होत नव्हता. मी तशीच रिक्षा शोधायला रस्त्यावर धावले.

रिक्षावाले कुत्रा बघून पुढे जात होते. शेवटी म्हात्रे आपला मासळीचा टेम्पो घेऊन आला.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. "हा साधा गॅस नाही. पोट फुगून त्याला पीळ पडलाय, रक्त पोचत नाहीये. ओकारी येते आणि बाहेर काहीच पडत नाही, हे दिसलं की त्या क्षणी निघायचं असतं हो!"

बाजी ऑपरेशन टेबलावरच गेला. जेवून चेंडूमागे धावलेला कुत्रा दिवेलागणीला नव्हता. मला हे अजूनही पटत नाही.

काकूंनी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "हिंग जास्त झाला का हो?"

*

त्यानंतर काका मैदानावर एकटे यायला लागले आणि दिसेल त्या कुत्र्याचं पोट दाबून बघायला लागले. ओळखीच्यांचं ठीक आहे. पण एकदा त्यांनी एका अनोळखी बाईंचा पॉमेरेनियन रस्त्यात अडवला!

"अहो, काय करताय?" बाई किंचाळल्या.

"जेवलाय का हा?"

"नाही!"

"मग जेवल्यावर कुठे नेणार आहात?"

पॉमेरेनियन चावला. काकांना इंजेक्शन घ्यावं लागलं. आम्ही त्यांना रागावलो, आणि घरी जाऊन मी चिंगीला कुशीत घेऊन भरपूर रडले.

*

खरा घोळ पुढेच होता. बाजी मुळात काकांच्या मुलीचा, मुग्धाचा. ती जर्मनीत शिकते. परीक्षा तोंडावर होती म्हणून काका-काकूंनी तिला सांगितलंच नाही. परीक्षा संपली तरी काकांची जीभ रेटेना. "माझ्यामुळे गेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?" ते म्हणायचे.

पण मुग्धाला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाजी बघायचा असायचा. मग काय? टायगरला साबणाने घासून सबनीसांच्या सोफ्यावर बसवायचं! "बाजी" म्हटल्यावर तो ढिम्म हलायचा नाही, म्हणून म्हात्रे बोंबलाचा तुकडा घेऊन सोफ्यामागे दडायचा. मी फोन धरायचे. आमच्या या धंद्याची मलाच लाज वाटायची, पण काकांचा चेहरा बघून बोलवत नव्हतं.

एका रविवारी टायगर सारखा सोफ्यामागे वळून हुंगत होता, आणि मुग्धा खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो, मी वाचलं. खाल्ल्यावर त्याला पळवू नका हं."

काकांनी मान हलवली. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

"आणि आतून टाके घालून पोट जागच्या जागी बसवता येतं. डॉक्टरांना विचारून तेही करून घ्या."

"हो, बाळा."

"आणि बाबा, सोफ्यामागे म्हात्रेकाका आहेत ना, त्यांनाही सांगा. कुत्रा त्यांचा आहे."

मी घाईघाईने फोन दुसरीकडे वळवला.

तेवढ्यात सोफ्यामागून म्हात्रेचा आवाज आला, "हो गो बाय, घेतो करून!"