नरसू मिस्त्रींचा हात

नरसू मिस्त्री आधी हानायचे, मग शिकवायचे. भवानी पेठेतल्या त्यांच्या ग्यारेजात मी पयला पाय ठेवला तो नेमका त्यांच्या चष्म्यावर. कानाखाली असा जाळ निघाला की मला कळलं, आपन कामाला लागलो.

आमी सांगोल्याकडचे मेंढरंवाले. शाळंची अन माझी वळखच न्हाय. मिस्त्री तेलुगू, विनकराच्या घरातले. चिडले की म्हनायचे, "एंरा, काय रं बिऱ्या, डोकं हाय का स्टेपनी?"

"स्टेपनीच जी. ती बी पंक्चर."

मग पाना उडत यायचा.

एकदा त्यांनी एका मोठ्या गाडीच्या स्टेअरिंगमधला सेन्सर खोलला. आत गोल चकती, कडेला बारीक फटी. "हितनं उजेड पडतो." एक चापट. "पलीकडं दोन डोळे हायत. चकती फिरली की उजेड, अंधार, उजेड, अंधार. डोळे ते मोजतात. कुठल्या डोळ्याला आधी दिसलं त्यावरनं डावं का उजवं कळतं." दुसरी चापट, उजवीकडनं. "ह्याच्या भरवशावर गाडी आपल्या मनानं एकेका चाकाचा ब्रेक दाबती, घसरू ने म्हून. आत धुळीचा कन जाता कामा न्हाय. झाकन लाव."

त्या दिवशी खंडेनवमी. पाने, जॅक, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागलेलं. मला वाटलं, येवढं दोन डोळ्यांचं हुशार यंत्र, अन ह्येलाच कुनी पुजलं न्हाय. बिरोबाचं नाव घेतलं, मूठभर भंडारा उधळला अन वर झाकन दाबून बसवलं. हळद लागली म्हनल्यावर गाडीचं भलंच हुनार की.

गाडी परत आली ती टोचन करूनच. मोडनिंबजवळ सरळ रस्त्याला तिला वाटलं, आपन वळलोय. तिनं एका बाजूचा ब्रेक दाबला अन दुभाजकावर चढली. मालकाच्या कपाळाला टाके, त्याच्या आईची मांडी मोडलेली. बरुबर त्याचे दोन भाऊ, हातात चाक खोलायच्या टॉम्या.

"कुनी हात लावला व्हता गाडीला?"

मिस्त्रींनी सेन्सर उघडला. आत पिवळंधमक, फटी बुजलेल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोलाया तोंड उघडलं, तर त्यांनी कोपरच हानलं तोंडावर. दात हातात आला.

"मी लावला व्हता," मिस्त्री म्हनले. "चूक माझी."

पयली टॉमी त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मधी पडलो, म्हंजे खरंच पडलो, एका लाथेत ऑइलच्या पिंपात. बाहेर निघस्तोवर मिस्त्रींचा उजवा हात लोंबत व्हता अन डाव्यानं ते जॅकचा दांडा फिरवत व्हते. "मला मारा. ह्या येड्याला शिवलात तर एकेकाला फाडीन." मग डावं मनगट बी गेलं.

दवाखान्यात दोनी हात प्लास्टरात. मी म्होरं असताना मिस्त्री बायकोला म्हनले, "त्याला सांग, मेंढराकडं जा. हितं पुन्हा दिसू नको."

मला मारानं कदी रडू आलं न्हवतं, त्या दिवशी आलं. खाटंजवळ जाऊन म्हनलं, "मिस्त्री, जा म्हनू नका. काय करायचं ते करा. हाना की."

"कशानं हानू रं?"

मी त्यांच्या प्लास्टराकडं बघितलं.

"वाक जरा."

वाकलो. त्यांनी सगळा जीव एकवटून टाळकं माझ्या नाकावर घातलं. रगात मिशीतनं हनुवटीवर आलं. नर्स पळत आली.

"उद्या ग्यारेज उघड," मिस्त्री म्हनले. "झाडून घे आधी."

उजवा हात त्यांचा कदी खांद्याच्या वर गेला न्हाय, पार ते जाईस्तोवर. काय शिकवायचं असलं की नुस्तं म्हनायचे, "वाक."