टाका, मी बघत नाही

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात त्यांना सगळे ‘सर्व्हरवाले काका’च म्हणत, नावानं कुणी हाक मारली नाही. घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला पासवर्ड लागेल, अशी व्यवस्था त्यांनीच सर्व्हरवर लावली. प्रत्येकाचं नाव स्वतः यादीत चढवलं. आपण पासवर्ड टाकू लागलो की ते खुर्चीसकट भिंतीकडे वळत. "टाका, मी बघत नाही."

काम संपलं आणि त्यांचं कंत्राटही. शेवटच्या दिवशी साहेबांनी बजावलं, यादीतून स्वतःचं नाव काढा आणि मगच जा. मी शेजारीच बसलो होतो. कीबोर्डवर हात ठेवून काका म्हणाले, "अहो, आता जरा तुम्ही तिकडे तोंड करा."

मी केलं. त्यांच्या मुदतवाढीच्या मीटिंगमध्येही मी तेच केलं होतं.