गप्प पंप

सुगुणाच्या दोन बोटांवर बेंगळुरूतल्या एका कंपनीची सगळी भिस्त होती, असं म्हटलं तर तिथल्या पुट्टस्वामी साहेबांना राग येईल. पण खरं तेच होतं. कंपनी दवाखान्यांसाठी पंप बनवायची. रुग्णाच्या शिरेत औषध थेंबाथेंबानं सोडायचं आणि नळी अडली की मोठ्यानं कोकलायचं, एवढंच पंपाचं काम. आतलं सॉफ्टवेअर बदललं की सुगुणा नळी बोटांत चिमटून उभी राहायची. पंप ओरडला की मगच ती 'पास' म्हणायची. या कामातच तिचे केस पिकायला लागले होते.

मग ऑटोमेशन आलं. नळी यांत्रिक चिमटा दाबू लागला, आवाज ऐकायला पंपाला इवलासा माइक चिकटवला आणि चाचण्या रात्री आपोआप होऊ लागल्या. पण निकाल एका सॉफ्टवेअरमध्ये आणि कुठली चाचणी झाली, कुठली राहिली याचा हिशेब दुसऱ्यात. ही दोन जोडून द्यायचं काम सुगुणावर आणि चैत्रावर आलं. चैत्रा नवी, हुशार आणि तोंडानं फटकळ. दोघींनी जोडणी केली आणि सगळ्या चाचण्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसू लागल्या. पास त्या हिरव्या, नापास त्या लाल.

तो पडदा साहेबांच्या केबिनमधून दिसायचा, हीच पंचाईत झाली. जोडणी मध्येच अडखळली, निकाल यायचा राहिला, की चौकट लाल व्हायची आणि साहेब कॉफी टाकून बाहेर यायचे.

"पंप बिघडलाय?"

"नाही सर, नुसता निकाल आला नाही."

"मग लाल कशाला, सुगुणा मॅडम? माझं बीपी वाढवायला?"

रोजचीच कटकट झाली. शेवटी चैत्रा म्हणाली, "अक्का, उत्तर आलं नाही तर कालचाच निकाल राहू दे ना." सुगुणालाही वैताग आलाच होता. ती म्हणाली, "राहू दे." तेव्हापासून साहेबांची कॉफी गरम राहू लागली.

गौरी-गणपतीच्या आधी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दवाखान्यांत गेली. दसऱ्याच्या तोंडावर मंड्या शहरातल्या दवाखान्यात सुगुणाच्या आईचं, अव्वाचं, पोटाचं ऑपरेशन झालं, आणि खाटेशेजारी उभा राहिला तो सुगुणाच्याच कंपनीचा पंप. त्यातलं औषध क्षणभरही थांबता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अव्वापाशी सुगुणाचा धाकटा भाऊ नंजुंड बसलेला असायचा.

"अक्का, शेजारच्या खाटेवरचं मशीन दिवसभर बोंबलतं गं," तो फोनवर म्हणाला. "तुमचं बघ कसं, शहाण्या सुनेसारखं. एक शब्द नाही."

सुगुणाला अभिमान वाटला. ऑफिसात तिनं ते दोन-चार जणांना सांगितलंही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, नेहमीप्रमाणे सगळी यंत्रं बंद केली. चाचणीच्या पंपाची वायर सुगुणानंच काढली, त्याला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि चामुंडी देवीच्या तसबिरीपुढे ठेवला. दाराशी कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. पूजेला मांडलेली वस्तू मध्येच हलवायची नसते, म्हणून पंप तसाच ठेवून सगळे सुटीवर गेले.

सुटीनंतर ती सकाळी आली तेव्हा पडदा हिरवागार होता. प्रत्येक चाचणीपुढे पहाटेची वेळ होती. पंप मात्र तसबिरीपुढेच होता. हार सुकला होता आणि वायर त्याच्याच अंगाभोवती गुंडाळलेली होती.

"चैत्रा, पहाटे कोण पास झालं?"

चैत्रानं पडदा पाहिला, पंप पाहिला. "कालचा निकाल असेल, अक्का."

"काल तरी वायर कुठं होती?"

"मग परवाचा." एवढं बोलून ती खुर्ची ओढून मागचे निकाल उकरू लागली.

सुगुणानं हार उतरवला, पंप सुरू केला आणि बऱ्याच दिवसांनी नळी बोटांत चिमटली. ती वाट पाहत राहिली. बोटं दुखायला लागली. पंप ओरडला नाही.

"अक्का, माइकनं शेवटचा आवाज ऐकलाय तो गौरीच्या आधी," चैत्रा हळूच म्हणाली. "नवी आवृत्ती चढवली त्याच्या आदल्या दिवशी."

सुगुणाच्या सगळं ध्यानात आलं. नव्या आवृत्तीत पंप ओरडायचाच बंद झाला होता. ओरडला नाही म्हणून माइकला काही ऐकू आलं नाही, आणि त्यांच्या जोडणीनं ते 'उत्तर आलं नाही' असं धरलं. रोज रात्री पंप नापास होत होता आणि रोज सकाळी त्याला जुना हिरवा रंग मिळत होता. 'राहू दे' म्हणणारी ती स्वतःच होती. तिला स्वतःची शिसारी आली.

साहेब बत्तासा चघळत आले. "सगळं हिरवं आहे ना? पुढची आवृत्ती आज पाठवून टाकू."

"सर, पंप ओरडत नाही. दवाखान्यांत गेलेलेसुद्धा ओरडणार नाहीत."

"पडद्यावर तर हिरवं आहे."

"सर, तिकडे नका बघू. हात लावून बघा."

त्यांनी नळी चिमटली, पुन्हा चिमटली आणि पंपाला कान लावला. "दवाखान्यांना फोन लावा," ते म्हणाले. चैत्रा फोनकडे धावली. सुगुणानं आपला मोबाइल कधीच कानाला लावला होता.

"नंजुंडा, अव्वा कशी आहे?"

"झोपलीय. काल कुशी बदलत होती, कण्हत होती. आज सकाळपासून अगदी शांत आहे."

"नळी बघ. कुठं मुडपलीय का ते बघ."

"नळीला काय व्हायचंय? मशीन गप्प आहे, अक्का. काही झालं तर वाजेलच की ते."

"वाजणार नाही. चादर उचल आणि बघ."

त्यानं फोन खाटेवर ठेवला. चादर सरकल्याचा आवाज आला. "कुशीखाली दबलीय गं नळी," तो म्हणाला. नंजुंड एकदा "अव्वा" म्हणाला. मग त्याचा आवाज लांबून येऊ लागला. तो सिस्टरला हाका मारत होता.