बोगोटा ते लिमा, तीन तास

नागपूरच्या विमानतळावर निरोप देताना बाबांनी एकच विचारलं होतं, "किती तासांचं आहे?" बाबा एसटीत कंट्रोलर होते. जन्मभर स्टँडवर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, त्यामुळे किलोमीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. ओटावा सव्वीस तास म्हटल्यावर म्हणाले, "बाप्पा, मग लग्नाकार्यालाच येशील तू." मोठी बहीण, ताई, शेजारीच उभी होती. दोन वर्षांनी लग्न होऊन तीही गेली, थेट पेरूत, लिमाला. भावजी तिथे खाणीच्या कंपनीत होते.

मी इकडे कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरात रुळलो. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला शिकलो, विंटर टायर्सची अपॉइंटमेंट वेळेत घ्यायला शिकलो. तिकडच्या मंडळींना हसू येईल, पण आमचे सण वीकेंडला होतात. शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी दिवाळी. तिथी पाहतो कोण? मलाही तीच सवय लागली, आणि तिनंच घात केला.

मागे एकदा ऐन दिवाळीत कंपनीनं मला दोन आठवडे कोलंबियात, बोगोट्याला पाठवलं. तिथून लिमा साधारण एकोणीसशे किलोमीटर, विमानानं तीन तास. फोनवर हे ऐकून बाबांचा आवाजच बदलला. "तीनच तास? अरे, आपल्या पुण्याच्या गाडीला चौदा लागतात. भाऊबीजेला जा. पोरगी आठ वर्षं चंद्राला ओवाळून राहिली." भाऊ जवळ नसला की बहिणी चंद्राला ओवाळतात, तसं तिचं दरवर्षी चालायचं.

भाऊबीज आली गुरुवारी आणि त्याच दिवशी आमची सिस्टिम लाइव्ह जायची होती. मी ताईला म्हटलं, "शनिवारी येतो ना, वीकेंडला करू भाऊबीज." ती म्हणाली, "बरं. ये तू."

शनिवारी काम लांबलं. रविवारचं परतीचं तिकीट होतं, ते बदलता आलं असतं. पण मी कंटाळलो होतो, खरं तेच सांगतो. 'पुढच्या वर्षी नक्की' असा मेसेज टाकून मोकळा झालो. तिनं नुसता अंगठा पाठवला.

चार महिन्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन ताई गेली. टोरोंटोहून आठ तासांचं विमान पकडून मी लिमाला पोचलो आणि तिचं घर पहिल्यांदा पाहिलं. भावजी म्हणाले, "त्या भाऊबीजेला तिनं चंद्राला ओवाळलं नाही. म्हणाली, यंदा भाऊ येतोय, चंद्र कशाला?" म्हणजे त्या वर्षी तिनं कुणालाच ओवाळलं नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडलो. भावजींनी पाणी दिलं.

तिथूनच बाबांना फोन लावला. शिव्या खायची तयारी ठेवली होती, खरं तर हव्याच होत्या. पण बाबा म्हणाले, "दिवाळीत जाऊन आलास ते बरं केलंस रे. ताईनं सांगितलं होतं मला, आला होता, पोटभर जेवून गेला म्हणून. तेवढंच माझं समाधान."

मी "हो" म्हटलं.

आता दर रविवारी बाबा त्या दिवसाबद्दल विचारतात. काय केलं होतं तिनं, साडी कुठली नेसली होती, जाड झाली होती का. मी सांगतो. अनारसे होते म्हणतो, हिरवी साडी म्हणतो. मला आता घर म्हणावं असं तेवढंच उरलंय. ज्याला मी कधी गेलोच नाही ते ताईचं जेवण, आणि ते ऐकत बसलेले बाबा.