राखणीची डिस्क

वेसाव्याच्या हेमांगीचा धंदा हळदी-लग्नांचे फोटो काढायचा, आणि स्वभाव कुणापुढे मान न झुकवायचा. फोटो ठेवायला माळ्यावर तिनं स्वतः जुळवलेला चार डिस्कचा सर्व्हर. तीन डिस्कवर फोटो, चौथी राखणीची. तिच्यावर फोटो नसतात, पण तिघींपैकी एखादी मेली तर तिचा माल ही परत उभा करून देते.

गणपतीआधी घराला रंग काढला. खाऱ्या हवेनं गंज धरतो म्हणून हेमांगीनं डिस्क बाहेर काढून फडक्यानं पुसल्या. चारही दिसायला सारख्या, आणि चिठ्ठ्या लावायची अक्कल नेमकी चरायला गेलेली! परत बसवून कुठलीला कुठलं काम हे पडद्यावर नेमताना फोटोंचीच एक डिस्क राखणीच्या जागी गेली. सुरू करायला जाते तर समोर लाल अक्षरं: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

वेळ तरी कुठली साधावी! शेजारच्या नव्या टॉवरवाल्यांनी अर्ज ठोकला होता, की बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी कोळीवाड्यानं परवा-परवा उभारल्यात, वास मारतो, हटवा. उद्या पालिकेच्या साहेबांपुढे सुनावणी. वलांडी जुन्या आहेत याला पुरावा काय, तर हेमांगीचे कोळीवाड्यातले जुने फोटो. तेच अडकले.

तेवढ्यात टॉवरचे सेक्रेटरी श्यामसुंदर दारात हजर. "ताई, कशाला वाद? वलांडी मागं खाडीकडे न्या, आम्ही अर्ज मागे घेतो."

खाडीकडे भरतीचं पाणी चढतं. तिथं बोंबील सुकणार, कपाळ! सुके बोंबील विकणाऱ्या सगुणाआत्याचं अख्खं पोट त्या वलांडींवर.

भाऊ अल्पेश कुजबुजला, "हो म्हण गं. फोटोंची वाट लागलीय, उद्या काय दाखवणार? नाहीतर ते सुरू करायचं बटण दाब, चालू तरी होईल."

"बटणाला हात लावलास तर तंगडं तोडीन," हेमांगी म्हणाली. मग श्यामसुंदरांकडे वळली. "काका, बसा, चहा घ्या. वलांडी हलायच्या नाहीत."

 हे लोक सौदा करायला थेट घराची पायरी चढून आले होते आणि तिला मनस्वी संताप आला होता.

तिनं सगळ्या नेमणुका रद्द केल्या. एकेक डिस्क नुसती वाचायला उघडली, लिहायला बंदी. पहिलीत फोटो. दुसरीतही फोटो. तिसरी काही केल्या उघडेना. चौथीत पुन्हा फोटो.

"सापडली भवानी!" फोटोच नाहीत म्हणून जी उघडत नाही, तीच राखणीची. तिला तिच्या जागी बसवलं, हिच्यावरचं आधीचंच बरोबर आहे, नव्यानं काही लिहू नको, अशी खूण केली आणि सुरू केलं. लाल अक्षरं आली नाहीत. अल्पेशनं सुटकेचा निःश्वास टाकला.

हेमांगीनं एक जुना फोटो उघडून पडदा श्यामसुंदरांकडे फिरवला. वलांडीवर बोंबील, खाली हसणारी सगुणाआत्या, मागं नुसतं आभाळ.

श्यामसुंदरांनी चष्मा लावून फोटो निरखला. "यात आमचा टॉवर कुठे दिसत नाही," ते म्हणाले.

"उद्या साहेबांनाही हेच सांगा."