दादाची लाल पूड

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते थोडं हसण्यासाठीच. मी ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवते. ‘असलं काही असतं’ असं म्हणायला आजही जीभ रेटत नाही. पण या पौषात माझ्या वहिनी गेल्या. ही हकीकत पुरती माहीत असलेलं माझ्याखेरीजचं एकमेव माणूस गेलं, म्हणून सुचेल तसं, हळूहळू लिहिते आहे.

दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, रेशन मात्र चालू होतं. तळ्यामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी दादाचं टेबल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जुनी घड्याळं, बोटीवरची होकायंत्रं, असलं काहीबाही तो दुरुस्त करायचा. पण लोक यायचे ते मुख्यतः काचांसाठी. तशा जुन्या फुगीर काचा मिळेनाशा झाल्या होत्या. त्यामुळे चरे पडलेली काच बदलायची नाही, घासून साफ करायची. आधी कुरुंदाची पूड, मग ओल्या नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड तुकड्यावर, सोनारांकडे असते तशी लाल पूड घ्यायची आणि घासत राहायचं... वाटोळं, वाटोळं, दुपारच्या दुपार.

चरा जातो कुठे, असं मी एकदा विचारलं होतं.

“जात नाही गं,” दादा म्हणाला. “भोवतीची काच झिजवून चऱ्याच्या पातळीला आणायची. मग तो दिसत नाही, एवढंच.”

माजिवड्याच्या एका पाटलांचं भिंतीवरचं घड्याळ त्याच्याकडे आलं होतं. काचेवर वरपासून खालपर्यंत लांब चरा. ते काम अर्ध्यावर असताना, खुर्चीत बसल्या बसल्या दादा गेला. हातातला नमदा सुटला नव्हता.

दिवसांसाठी कल्याणहून आत्या आली. तिनेच वहिनींचं कुंकू पुसलं, बांगड्या वाढवल्या. तेव्हा प्रथमच मला वहिनींच्या कपाळावरचा व्रण दिसला. लहानपणी पाट्यावर पडून झालेली तिरपी खोक, इतकी वर्षं कुंकवाखाली झाकलेली.

जीव गेला त्या जागी दिवा लावतात, जवळ पीठ पसरून टोपली झाकतात आणि दहाव्याला पिठात कसला ठसा उमटला ते पाहतात. आमच्याकडे पीठ होतं रेशनच्या मिलो ज्वारीचं, जाडंभरडं. आत्या म्हणाली, त्यात हत्तीचं पाऊलसुद्धा उमटायचं नाही; बारीक काहीही चालेल. वहिनींनी टेबलावरचा डबा उघडला आणि दादाची लाल पूड ताटात पसरली. कुणी अडवलं नाही.

दिव्यात तेल घालताना दुसऱ्याच दिवशी टोपली सरकली आणि आत दिसलं ते पाऊल नव्हतं. वाटोळी वळणं होती. एकात एक गुंतलेली, ताटभर. मी मुंग्या म्हटलं, वारा म्हटलं. पण टेबलावरच्या घड्याळाकडे नजर गेली. काचेवरचा चरा वरच्या टोकाला पुसट झाला होता.

रोज तो पुसटपणा थोडा थोडा खाली उतरत गेला. आत्या रामरक्षा म्हणत टेबलापासून लांब बसायची. एका दुपारी ती झोपली असताना मी बाहेर आले, तर वहिनी घड्याळावर वाकलेल्या. हातात फुटक्या बांगडीचा तुकडा. पुसट झालेला चरा त्या पुन्हा ओढत होत्या. काचेवर काच... तो आवाज अजून दातांत आहे.

“वहिनी, काय करताय?”

त्यांनी वर पाहिलं नाही. “काम संपलं की हे जातील, वन्सं.”

मी आत्याला सांगितलं. तिने पाटलांना निरोप धाडला. तेराव्यानंतर ते आले तेव्हा काच स्वच्छ होती. “ताई, काच एवरी चांगली कोनी केली?” असं विचारून, उत्तराची वाट न पाहता ते घड्याळ घेऊन गेले. ताटातली आणि डब्यातली सगळी पूड आत्याने खाडीत सोडली.

दोन दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी आत्या एकदम थांबली. “अगं, कपाळाला काय लावलंस? लोक काय म्हणतील?”

वहिनींच्या कपाळावर कुंकवाच्या जागी लालसर डाग होता. “मी काही लावलं नाही,” त्या म्हणाल्या. मी ओल्या फडक्याने पुसलं. फडक्याला लागली ती तीच पूड — तिचा वास मी कुठेही ओळखीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. आणि व्रण पुसट.

आत्याने पहिल्या गाडीने कल्याण गाठलं. मला मात्र दादाचं वाक्य आठवलं. चरा जात नाही... भोवतीचं झिजवायचं. वहिनी झिजत होत्या. गाल बसले, मनगटं काडीसारखी झाली. डॉक्टरांना काही सापडेना. व्रण केसाएवढा उरला होता, आणि खोक किती खोल होती ते कुणाला ठाऊक होतं?

मग मी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात नाही. भिंतीवरून दादाचा फोटो उतरवला. बांगडीच्या त्याच तुकड्याने त्याच्या काचेवर, नख अडकेल इतका खोल चरा ओढला. फोटो टेबलावर, त्याच्या खुर्चीसमोर ठेवला आणि म्हटलं, “दादा, हे घे. हे काम कर.”

सकाळी वहिनींचं कपाळ कोरडं होतं. फोटोवरचा चरा एका टोकाला पुसट.

वहिनी सावरल्या, पण तो व्रण परत आला नाही. त्यानंतर इतकी वर्षं आम्ही दोघी हेच करत आलो. चरा मिटत आला की नवा ओढायचा. त्याबद्दल बोलायचो नाही. “वन्सं, बघता का जरा,” एवढंच त्या म्हणायच्या, आणि मी तुकडा शोधायचे.

पौषात त्या तापाने गेल्या. अंघोळ घालताना मी कपाळावरचे केस मागे सारले. व्रण होता. तिरपा, जसाच्या तसा.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. फोटोच्या काचेवरचा शेवटचा चरा मात्र तेव्हापासून तसाच आहे, जराही पुसट झालेला नाही. काम संपलं असं समजून मला बरं वाटायला हवं. पण बांगडीचा तुकडा टाकून द्यायचा धीर होत नाही. आता घरात मी एकटीच आहे. माझ्या हनुवटीवर लहानपणी आलेल्या देवीचा एक व्रण आहे. रोज सकाळी दिवा लावण्याआधी त्याला बोट लावून पाहते.

आज होता.